हक्काची तारीख गावाची होऊ द्या: सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सामूहिक वनहक्क मिळालेल्या सर्व ग्रामसभा

बंधू-भगिनींनो,
सप्रेम जोहार.

या पत्रात एकच मागणी आहे, ती आधीच सांगून टाकतो. तुमच्या ग्रामसभेला जंगलावरचा सामूहिक हक्क ज्या तारखेला मिळाला, ती तारीख दरवर्षी साजरी करा. पाहुण्यांच्या नव्हे, तुमच्या सोयीने. त्या दिवशी सगळ्या गावाने जंगलाची हद्द फिरावी, हक्कपत्र मोठ्याने वाचावे, वर्षाचा जमाखर्च मांडावा आणि शेजारच्या गावांना जेवायला बोलवावे. याला फार पैसा लागत नाही आणि कुणाची परवानगी तर मुळीच लागत नाही.

ही मागणी मनात यायला कारण घडले. वनहक्काच्या कामाने गावोगाव जाणे होते. हक्क कधी मिळाला असे विचारले, की बहुतेक ठिकाणी लोक साल सांगतात. तारीख विचारली की आपसात बघतात आणि मग कुणीतरी म्हणते, अमुक साहेब कलेक्टर होते ना, तेव्हा. हे ऐकले की मला वाईट वाटते. दावा तुम्ही केला. पुरावे तुम्ही जमवले, नकाशा तुम्ही काढला, मजुरी बुडवून तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या फेऱ्या तुम्ही मारल्या. काही गावांना तर त्रुटी म्हणून फाईल परत आल्यावर सगळे पहिल्यापासून करावे लागले. एवढे करून मिळवलेला हक्क गावात कुणाच्या नावाने ओळखला जातो? सही करणाऱ्याच्या. चांगल्या अधिकाऱ्याचे आभार जरूर मानावेत, तसे अधिकारी मी पाहिले आहेत. पण आठवण मात्र गावाच्या कष्टाची राहिली पाहिजे.

दुसरी काळजी पोरांची आहे. 2012 च्या आसपास बऱ्याच गावांना हक्कपत्रे मिळाली. तेव्हा पाळण्यात असलेली मुले आज हायस्कुलात आहेत. बांबू ग्रामसभा विकते, तेंदूचा लिलाव ग्रामसभा करते, हे त्यांना जन्मापासूनचे वाटते. नांगरासाठी लाकूड आणले म्हणून बापाला दंड कसा भरावा लागला, पावती न देता पैसे कसे घेतले गेले, सरपणाची मोळी टाकून बायका आडवाटेने कशा पळाल्या, यातले त्यांनी काहीच पाहिलेले नाही. पाहावे लागले नाही हे चांगलेच झाले. पण ऐकायला तरी हवे. जे फुकट मिळाल्यासारखे वाटते ते राखायला माणूस रात्री उठून जात नाही.

कायदा तुम्हाला ठाऊक आहे, तरी त्यातल्या दोन-तीन गोष्टी इथे मुद्दाम लिहितो. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा 2006 चा. तो 31 डिसेंबर 2007 पासून लागू झाला, नियम 1 जानेवारी 2008 ला आले आणि 2012 साली त्यांत महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे संसदेने या कायद्याच्या प्रास्ताविकेतच मान्य केले आहे. हे हक्क वारसाने पुढे जातात. ते विकता येत नाहीत, दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. म्हणजे आज गावात बसलेल्या माणसांना हे जंगल फक्त पुढे सोपवायचे आहे. ग्रामसभेच्या बैठकीला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी स्त्रिया हव्यात, असेही 2012 चे नियम सांगतात. हक्क पाटलाला नाही, समितीच्या अध्यक्षाला नाही, अख्ख्या गावाला आहे. मग त्याचा दिवसही अख्ख्या गावाने करायला हवा.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण सगळे देतात. मीही देणार आहे, पण जरा वेगळ्या कारणासाठी. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्या देशात पोहोचली. 2009 साली त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्यांपैकी एक. तरी पुढची दोन वर्षे बांबूच्या वाहतूक परवान्यावरून अडवणूक चाललीच. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचे पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिले. हे सगळे वर्तमानपत्रांत आले. पण मला महत्त्वाची वाटते ती त्याच्या कितीतरी आधीची, गोटुलाची, म्हणजे गोंड गावाच्या सामाईक घराची गोष्ट.

गावाने आपले गोटुल पुन्हा उभे करायचे ठरवले आणि त्यासाठी जंगलातून सागवान आणले. वनखात्याने हरकत घेतली आणि ते बांधकाम उतरवले. त्यावर आजूबाजूची गावे एकत्र बसली. एका गावाचे गोटुल पाडाल, तर आम्ही आमच्या गावांतही बांधू, असे त्यांनी ठरवले आणि गोटुले उभी राहिली. त्या वेळी वनहक्क कायदा नव्हता. हाती कागद नव्हता, शिक्का नव्हता. सर्वांची म्हणून मानलेली एक इमारत होती आणि ती आपली आहे हे सांगायला शेजारची गावे पाठीशी होती. हक्कपत्र नंतर आले, पण एकमेकांसाठी उभे राहायची सवय त्याआधीची आहे. हक्काच्या दिवशी शेजाऱ्यांना बोलवा असे मी म्हणतो ते यासाठी. पुढेमागे तुमच्या जंगलाच्या हद्दीवर वाद उभा राहिला, तर ही हद्द आम्ही यांच्याबरोबर फिरलो आहोत, असे सांगणारी माणसे शेजारच्या गावात असायला हवीत.

पुढे 2013 साली मेंढ्याने शेतजमीनही ग्रामदानात द्यायचे, म्हणजे तिची मालकी साऱ्या गावाकडे सोपवायचे ठरवले. त्यासाठीचा आपल्या राज्याचा कायदा 1964 चा आहे. 18 एप्रिल 1951 ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांना पहिले भूदान मिळाले आणि पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशातल्या मंगरोठचे पहिले ग्रामदान झाले. ग्रामदानाची चळवळ थकली, संपली, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. पण तिचा धागा केवढ्या लांब गेला ते पाहा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकले जात होते. 1969 साली तिथल्या कार्यकर्त्यांनी ‘न्यू कम्युनिटीज’ नावाची संस्था काढून 5,000 एकरांहून जास्त जमीन सामूहिक मालकीने घेतली. त्या कल्पनेमागे असलेल्या रॉबर्ट स्वान यांनी ग्रामदानातून प्रेरणा घेतली होती. दुष्काळ आणि सरकारी कर्जातला भेदभाव यांमुळे 1985 साली ती जमीन त्यांच्या हातून गेली. पुढे भरपाई मिळाली, तेव्हा त्यांनी पुन्हा जमीन घेतली. त्यांनी घातलेल्या पायावर आज अमेरिकेत आणि युरोपातही शेकडो सामूहिक भूमी न्यास उभे आहेत. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या, वर्ध्याजवळच्या पवनारला राहिलेल्या विनोबांचा हा विचार. आपण तो परक्याचा म्हणून ऐकू नये.

आता स्कॉटलंडबद्दल थोडे, कारण हक्काचा दिवस कसा करतात ते तिथे नीट दिसते. त्या देशात आजही प्रचंड जमीन मोजक्या जमीनदारांच्या हाती आहे. 1993 साली असिंट भागातल्या छोट्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून सुमारे 21,000 एकरांची इस्टेट विकत घेतली. 12 जून 1997 ला एग नावाचे छोटे बेट तिथल्या रहिवाशांच्या न्यासाकडे आले. तेव्हा बेटावर साठ-पासष्ट माणसे होती. 2003 साली कायदा झाला आणि विक्रीला निघालेली जमीन आधी घेण्याचा हक्क गावांना मिळाला. 2015 च्या कायद्याने तो शहरांपर्यंत गेला. मग बंद पडलेली चर्चे, शाळा, दुकाने, सभागृहे लोकांनी मिळून घेतली. एगचे लोक जूनमध्ये आपल्या खरेदीचा दिवस गाण्या-नाचण्याने साजरा करतात. शिवाय देशभरातली सामूहिक मालकीची गावे वर्षातून एक आठवडा आपली दारे उघडतात: कुठे जंगलफेरी, कुठे पवनचक्की दाखवणे, कुठे नुसताच चहा आणि गप्पा. ज्या गावाला अजून जमीन घ्यायची आहे ते बघायला येते, काय अडचणी आल्या ते विचारते आणि परत जाऊन कामाला लागते. त्या आठवड्याचा खरा उपयोग हाच आहे.

त्यांना जमीन विकत घ्यावी लागली. तुमचे जंगल तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते, कायद्याने ते मान्य केले. हा फरक मोठा आहे आणि तो तुमच्या बाजूचा आहे.

तर हा दिवस कसा करावा? प्रत्येक गाव आपले ठरवील, पण दोन-तीन गोष्टी आग्रहाने सुचवतो.

पहिली गोष्ट दाव्याच्या फायलीची. वनहक्क कायद्याच्या नियम 13 प्रमाणे दाव्याला जोडायच्या पुराव्यांत गावातल्या थोरामोठ्यांचे लेखी जबाबही चालतात. एका गावात मी ती फाईल पाहिली. लोखंडी पेटीत, खताच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली. नकाशावरची निळी शाई पसरून नाले जाड झाले होते. मधल्या एका पानावर एका म्हाताऱ्याचा जबाब होता, खाली अंगठा. हद्द कुठून कुठे जाते ते त्याने सांगितले होते: कोणत्या मोहापासून निघायचे, नाल्याने कुठवर उतरायचे, कोणत्या दोन दगडांपाशी आपले देव संपतात आणि पलीकडच्या गावाचे सुरू होतात, कोणत्या टेकडीवर गुरे बसवायची आणि कोणत्या वर्षी तिथले पाणी आटले. लिहून घेणाऱ्याने त्याची बोली जशीच्या तशी ठेवली होती. तो म्हातारा आता नाही. त्याचा नातू माझ्या शेजारी बसला होता, समितीचा सदस्य, बांबूच्या गाड्या मोजणारा हुशार पोरगा. आजोबांचे हे पान त्याने पहिल्यांदाच पाहिले. तो ते दोनदा वाचून उठला आणि झेरॉक्स कुठे मिळेल म्हणून विचारू लागला.

असे जबाब तुमच्याही फायलीत असतील. हक्काच्या दिवशी ते वाचा, ज्या जागेचा उल्लेख आहे त्याच जागी उभे राहून वाचा. हद्दीची फेरी नुसती मिरवणूक होऊ देऊ नका. पुढे म्हातारी माणसे, त्यांच्यामागे पोरे, आणि हातात नकाशा. दगड सरकला असेल तर तिथल्या तिथे दिसेल. अतिक्रमण झाले असेल, कुठे वणवा लागून गेला असेल, कुठे मोहाची नवी झाडे वर आली असतील, सगळे त्याच दिवशी कळेल. ज्यांचे जबाब आहेत त्यातले कुणी हयात असेल, तर त्यांचे बोलणे मोबाईलवर भरून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

दुसरी गोष्ट हिशेबाची, आणि इथे मला जरा स्पष्ट बोलायचे आहे. बांबू आणि तेंदूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला, तसे गावागावांत संशयही आले. कुणी किती घेतले, ठेकेदाराबरोबर कोण जेवले, बोनस उशिरा का झाला. यातले पुष्कळसे संशय हिशेब वेळेवर न वाचल्यामुळे वाढतात. चोरी नसलेल्या गावातही अध्यक्षाकडे बघून लोक कुजबुजतात आणि चांगला माणूस पुढच्या वर्षी पद नको म्हणतो. हे नुकसान पैशाच्या नुकसानीहून मोठे आहे. म्हणून हक्काच्या दिवशी, जेवणाआधी, जमाखर्च वाचून दाखवावा. किती पुडे तेंदू झाला, मानक बोऱ्याला (ठराविक पुड्यांच्या पोत्याला) काय दर मिळाला, मजुरी किती वाटली, ग्रामसभेकडे किती राहिले आणि ते कशावर गेले. नुसत्या रकमा वाचू नका, पावत्या समोर ठेवा. भिंतीवर कोळशाने लिहा, गोंडीत सांगा, माडियात सांगा, कोरकूत सांगा, लोकांना कळेल असे सांगा. आणि हे शेजारच्या गावांसमोर होऊ द्या. पाहुण्यांदेखत हिशेब मांडणाऱ्या ग्रामसभेकडे कुणाला सहज बोट दाखवता येत नाही.

तुमच्या निर्णयांमागची कारणेही त्याच वेळी सांगा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 साली सुमारे 1,000 हेक्टरचा हक्क मिळाला. बांबूवर त्यांनी आपला कारभार उभा केला, पण तेंदू न तोडण्याचे ठरवले. तेंदूसाठी झाडे छाटली जातात आणि आगी लावल्या जातात, त्याने जंगलाचे नुकसान होते, म्हणून हातचा पैसा सोडला. अमरावती जिल्ह्यात पायविहीरच्या लोकांनी उघड्या पडलेल्या टेकड्यांवर झाडे वाढवली आणि सीताफळाचा व्यवसाय उभा केला. दुसऱ्या गावांना यातून शिकायचे आहे ते यशाचे आकडे ऐकून नव्हे, तर बैठकीत कोण काय म्हणाले, विरोध कुणाचा होता आणि तो कसा मावळला, हे ऐकून. ही गोष्ट अहवालात येत नाही. ती तुमच्या तोंडूनच ऐकायला हवी.

तिसरी गोष्ट व्यासपीठाची. कृपा करून मंडप, सत्कार, शाली आणि नारळ यांत हा दिवस घालवू नका. मोठा पाहुणा येणार म्हटले की वेळ त्याची, भाषण त्याचे, गाव उन्हात बसलेले आणि हद्दीची फेरी रद्द. गोटुलात, ग्रामसभेच्या घरात किंवा बांबूच्या पैशातून बांधलेल्या गोदामात बसा. ती इमारतही तुमचीच आहे, तीही लोकांना दिसू द्या: कुणी बांधली, किती दिवस श्रमदान झाले, चावी कुणाकडे असते. वनरक्षक, तलाठी, ग्रामसेवक, प्रकल्प कार्यालयातले साहेब यांना जरूर बोलवा. त्यांनी सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसावे, ऐकावे आणि आपल्या खात्याकडे काय अडले आहे ते सांगावे. वनरक्षकाशी वैर धरून जंगल राखता येत नाही. त्यालाही वर्षातून एकदा गावाने बोलावून जेवू घातले, तर बरेच गैरसमज साहेबांपर्यंत न जाता मिटतात.

बायकांबद्दल वेगळे लिहायची गरज पडायला नको होती. मोह वेचतात त्या, तेंदू तोडतात आणि पुडे बांधतात त्या, सरपण आणि रानभाज्या कुठे आहेत ते ठाऊक त्यांना, आणि हक्कपत्र वाटपाच्या फोटोंत मात्र पुरुष. या दिवशी हद्दीची फेरी त्यांनी ठरवावी आणि हिशेब त्यांच्यापैकी कुणी वाचावा. रांधण्याचे काम पुरुषांनी घ्यावे. गावजेवणाचा मोठा स्वयंपाक पुष्कळ ठिकाणी पुरुषच करतात, तेव्हा अडचण येऊ नये.

ज्यांचे दावे अजून अडकलेले आहेत, त्या गावांना विसरू नका. तुमच्या दोन कोस पलीकडेच असे गाव असेल, जिथे फाईल उपविभागीय समितीत पडून आहे, किंवा मागितले त्याहून फार कमी क्षेत्र मान्य झाले आहे. त्यांच्या वनहक्क समितीला आदल्या दिवशीच मुक्कामाला बोलवा. तुमचा नकाशा, तुमचे ठराव, तुमचे अपिलाचे अर्ज त्यांच्यासमोर पसरा. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली, ती अशाच एकमेकांकडे जाण्या-येण्यातून वाढते. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाच्या 18 एप्रिल 2013 च्या निकालानंतर बारा ग्रामसभांनी एकामागून एक खाणीला नकार दिला. तारीख तीच, पोचमपल्लीच्या भूदानाची. एका ग्रामसभेने नाही म्हटले असते तर तिच्यावर दबाव टाकणे सोपे होते. बाराही जणींनी नाही म्हटले आणि तो नकार टिकला. गडचिरोलीत, चंद्रपुरात खाणींचे प्रश्न आज दारात आहेत, तेव्हा ही ओळख आधीपासून असलेली बरी.

जिल्हा प्रशासनालाही याच पत्रात दोन शब्द. या दिवसाचे परिपत्रक काढू नका, राज्यभर एकच तारीख ठरवू नका, फोटो अपलोड करायला सांगू नका. तुमच्याकडून एवढेच हवे: प्रत्येक ग्रामसभेला तिच्या दाव्याच्या संपूर्ण फायलीची आणि नकाशाची साक्षांकित प्रत द्या. पुष्कळ गावांकडे हक्कपत्राचा एकच कागद आहे, बाकीची फाईल कार्यालयात. ज्या कागदावर गावाच्या म्हाताऱ्यांचे अंगठे आहेत, तो बघायला गावाला अर्ज करावा लागू नये.

आता तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. हक्कपत्र पेटीतून काढून उपवनसंरक्षक, आदिवासी विकास अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांच्या सह्यांजवळ कोणती तारीख आहे ते बघा. ती पावसाळ्यात येत असेल, लावणीच्या दिवसांत येत असेल, तर सोयीची दुसरी तारीख ठरावाने धरा. प्रत्यक्ष हातात हक्कपत्र पडले तो दिवसही चालेल. ठराव लिहून काढा, कमीत कमी तीन शेजारी गावांची नावे त्यात घाला आणि त्यांना निरोप धाडा. पहिल्या वर्षी हद्दीची एकच बाजू फिरून झाली तरी चालेल, उरलेली पुढच्या वर्षी फिरता येईल. मला कळवलेत तर मी येईन. नकाशा धरायला, जबाब वाचायला किंवा भांडी घासायला, जे सांगाल ते करीन.

आपला,
वनहक्काच्या कामातला एक कार्यकर्ता